बैलवाटेवरची चार चाके

बेळगाव शहराला खेटून असलेले वडगाव हे विणकरांचे आणि भातशेतीचे गाव. या गावातून येळ्ळूरच्या रस्त्याला लागावे, भाताची खाचरे मागे टाकावीत आणि राजहंसगडाचा चढ चढून तटावर उभे राहावे. पूर्वेस उघडे पठार पसरलेले दिसते. पश्चिमेस मात्र दृष्टी एका निळसर रेषेपाशी अडते. ती रेषा सह्याद्रीची. तिच्या पलीकडे कोकण आणि गोमंतक.

बेळगावचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंच आहे, आणि समुद्र येथून सरळ रेषेत पुरता शंभर किलोमीटरही दूर नाही. एवढ्या थोड्या अंतरात भूमी एकाएकी खाली कोसळते. बेळगावास वर्षाकाठी पन्नास इंचांच्या आतबाहेर पाऊस पडतो, तर आंबोलीस तोच सुमारे तीनशे इंच पडतो. तांबडी चिकण माती, दाट रान, पावसाळ्यात फुगणारे ओढे आणि उभे कडे अशी ही भूमी आहे. या भूमीतून वाट काढणे हा येथल्या माणसाचा शतकानुशतकांचा उद्योग होय.

अलीकडे चारही चाकांना इंजिनाचा जोर पोहोचविणाऱ्या गाड्या घेऊन हौशी प्रवासी या रानात शिरतात. परत आल्यावर ते अभिमानाने सांगतात, ‘जेथे रस्ता नाही, तेथे आम्ही जाऊन आलो.’ त्यांचा आनंद खरा आहे, त्यांचे साहसही खोटे नाही. परंतु ज्याला ते ‘रस्ता नसलेला मुलूख’ म्हणतात, तो खरोखरच तसा आहे काय? या डोंगरांचा इतिहास निराळे उत्तर देतो.

प्रथम फार मागे जाऊ. खानापूर तालुक्यातील हलशी हे आज एक लहानसे गाव आहे. पाचव्या शतकात ते ‘पलाशिका’ या नावाने बनवासीच्या कदंबांचे राजधानीचे नगर होते, आणि पुढे बाराव्या शतकात गोव्याच्या कदंबांनीही त्यास आपल्या दुसऱ्या राजधानीचा मान दिला. एक राजधानी समुद्रकाठी आणि दुसरी घाटमाथ्यावर! दोहोंच्या मध्ये सह्याद्री उभा असता हे राज्य चालले, याचाच अर्थ घाट उतरणाऱ्या वाटा त्या काळी राबत्या होत्या. घाटाच्या पायथ्याशी गोमंतकाच्या रानात तांबडी सुर्ल येथे महादेवाचे सुरेख पाषाणमंदिर आहे. ते कदंबकालीनच. त्यासाठी लागलेला काळा पाषाण घाटावरून खाली आणला असावा, असे अभ्यासक मानतात. आज जेथे मोटारीतून उतरताना माणूस ‘केवढे हे अरण्य’ म्हणून थबकतो, तेथे आठशे वर्षांपूर्वी पाथरवटांचे टाके वाजत होते.

राजसत्ता बदलल्या, पण वाटा टिकल्या. त्या टिकविल्या त्या मुख्यतः बैलांनी. लमाण आणि वंजारी यांचे तांडे पाठीवर गोणी लादलेल्या बैलांच्या रांगा घेऊन घाट चढत आणि उतरत. वर येताना मीठ, नारळ, सुकी मासळी, आमसुले. खाली जाताना धान्य, गूळ, मिरची, तंबाखू. देशावरच्या भाकरीला कोकणचे मीठ लागे आणि कोकणच्या पेजेला देशावरचे धान्य लागे. या परस्परांच्या गरजेतून चोर्ला, राम, तिनई अशा घाटांच्या वाटा पायांखाली मळल्या. बैल हा फार शहाणा वाटाड्या असतो. तो उभ्या चढणीवर सरळ जात नाही. तो आडवा वळतो, दम खातो, पाणी असेल तेथे थांबतो. त्यामुळे बैलवाटेची वळणे आणि तळ हे आपोआपच चढ-उताराचा आणि पाण्याचा हिशेब सांभाळून पडत. इंजिनियरांनी पुढे दुर्बिणी लावून रस्ते आखले, तेव्हाही खिंड शोधण्याचे पहिले काम बैलाने करून ठेवलेले होते.

१८१८ साली मन्रोने बेळगावचा किल्ला घेतला आणि येथे इंग्रजांची मोठी छावणी झाली. छावणीला दारूगोळा, कापड, औषधे आणि नाना प्रकारचा विलायती माल लागे. तो मुंबईहून गलबतांनी वेंगुर्ल्याच्या बंदरात उतरे. वेंगुर्ले १८१२ सालीच सावंतवाडीकरांकडून इंग्रजांच्या हाती आलेले होते. तेथून बेळगावास येण्याचा मार्ग रामघाटाचा होता. हा घाट इतका उभा होता की, गाडीबैलांचे आणि गाडीवानांचे तेथे अक्षरशः हाल होत. १८४४-४५ साली सावंतवाडीच्या मुलुखात बंडाळी उसळली. मनोहर आणि मनसंतोष या गडांच्या आसऱ्याने बंडवाल्यांनी कंपनीच्या फौजेस दमविले. फौजेजवळ तोफा होत्या, परंतु रानाची माहिती बंडवाल्यांजवळ होती. तोफ ओढून नेण्यास रस्ता पाहिजे, हा धडा इंग्रजांना या रानाने शिकविला.

तो धडा त्यांनी गिरविला. १८६० नंतरच्या दशकात आंबोलीचा, म्हणजे पारपोलीचा, नवा गाडीरस्ता तयार झाला आणि वेस्ट्रॉप या पोलिटिकल एजंटाच्या पुढाकाराने आंबोली हे थंड हवेचे ठिकाण म्हणून नावारूपास आले. आता भरलेली गाडी वेंगुर्ल्याहून निघून नव्या रस्त्याने घाट चढून बेळगावास येऊ लागली. रामघाट मागे पडला. मग १८८० च्या दशकात लोहमार्ग आला. बेळगावास आगगाडी लागली, आणि १८८८ साली मुरगावच्या बंदरापासून कॅसलरॉकपर्यंत घाटातून गाडी धावू लागली. वेंगुर्ल्याचे भाग्य मावळले, तांड्यांचे दिवस सरले आणि अनेक बैलवाटांवर गवत वाढले. वाटेचे आयुष्य असे असते. ज्यांना तिची गरज असते, ते चालत राहिले तर ती जगते; ते थांबले की दोन पावसाळ्यांत रान तिला गिळून टाकते.

आता त्या वाहनाकडे वळू, ज्याने या विसरलेल्या वाटा पुन्हा जागविल्या. १९४० सालच्या जुलै महिन्यात अमेरिकेच्या सैन्याने एका हलक्या, चारही चाकांनी ओढणाऱ्या मोटारीसाठी १३५ कारखान्यांकडे विचारणा केली. मुदत इतकी तोकडी होती की दोनच कारखाने पुढे आले. त्यांपैकी बँटम या लहानशा कारखान्याने कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याच्या आराखड्यावरून ४९ दिवसांत पहिली गाडी उभी करून दाखविली. पुढे विलीज आणि फोर्ड यांनी ती सुधारून युद्धकाळात सहा लाखांहून अधिक संख्येने बनविली. सुमारे अकरा फूट लांबीची, साठ अश्वशक्तीच्या इंजिनाची ही गाडी ‘जीप’ या नावाने जगभर पसरली. तिच्या नावाच्या व्युत्पत्तीविषयी आजही एकमत नाही. तिच्या उपयुक्ततेविषयी मात्र तेव्हाही मतभेद नव्हता.

जीपचे मर्म काय? साध्या मोटारीत इंजिनाचा जोर दोनच चाकांना मिळतो. वळण घेताना बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर काटावे लागते, म्हणून दोन्ही चाके निरनिराळ्या वेगाने फिरू शकतील अशी योजना आसात केलेली असते. परंतु याच योजनेमुळे एक चाक चिखलात रुतले की सारी गती त्या चाकात जाते. ते जागच्या जागी गरगरते आणि कोरड्या जमिनीवरचे दुसरे चाक स्वस्थ उभे राहते. जीपमध्ये एक जादा गिअरपेटी असते. तिच्या दांड्याने पुढच्या चाकांनाही जोर देता येतो आणि गाडीचा वेग फार कमी करून तिची ओढ वाढविता येते. त्यामुळे मागची चाके फसली तरी पुढची चाके तिला बाहेर काढतात. तथापि पुढचे एक आणि मागचे एक अशी दोन चाके एकाच वेळी निराधार झाली, तर जीपही हताश होते. मग दगड, दोर, जवळचे झाड आणि चार माणसांचे खांदे यांचेच साहाय्य घ्यावे लागते.

युद्धात हेच अनुभवास आले. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जीपने अवघड डोंगरांतून रसद वाहिली. लोखंडी चाके लावून तिने रुळांवरून वाघिणीसुद्धा ओढल्या. परंतु त्याच आघाडीवर जेथे जीप थबकली, तेथून पुढे खेचराच्या पाठीवर ओझे गेले आणि खेचर थबकले तेथून माणसाच्या. यंत्राने पशूला आणि पशूने माणसाला निरुपयोगी ठरविले नाही. प्रत्येकाने केवळ पुढच्याची हद्द थोडी दूर ढकलली.

युद्ध संपले. स्वातंत्र्य आले. त्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच मुंबईच्या माझगावात महिंद्रांच्या कारखान्यात विलीज जीपचे सुटे भाग जोडून गाड्या तयार होऊ लागल्या. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामुदायिक विकासाची योजना सुरू झाली आणि विकास गटांच्या दारी जीप उभी राहिली. १९५३ पासून हिवतापाच्या नियंत्रणाचे पथक फवारणीचे पंप घेऊन जीपमधूनच खेड्यात येऊ लागले. देवीची लस, निवडणुकीच्या पेट्या, शेतकीचे प्रात्यक्षिक, सारे काही जीपमधून येई. खेड्यातल्या मुलांनी ‘सरकार’ नावाची गोष्ट प्रथम पाहिली ती धुळीच्या लोटात, कापडी छपराच्या या गाडीच्या रूपाने. सैन्यासाठी जन्मलेले हे वाहन डॉक्टराचे आणि ग्रामसेवकाचे झाले, ही विसाव्या शतकातील एक समाधानाची घटना म्हटली पाहिजे.

परंतु या डोंगरांतील मोटारीची सर्वांत विलक्षण कथा गोमंतकाच्या मुक्तिसंग्रामात घडली. देश स्वतंत्र झाला तरी घाटाखाली पोर्तुगिजांचा अंमल होता. सीमेवरचे बेळगाव हे तेव्हा गोमंतकीय कार्यकर्त्यांचे एक प्रमुख केंद्र बनले होते. पीटर आल्व्हारिस यांच्यासारखे नेते सत्याग्रहाची आखणी करीत होते. १८ मे १९५५ रोजी नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट यांच्या तुकडीने हद्द ओलांडली. त्याच वर्षीच्या १५ ऑगस्टला हजारो सत्याग्रही निःशस्त्र आत शिरले आणि वीसहून अधिक जण गोळ्यांना बळी पडले. त्यानंतर सीमा बंद झाली, आगगाडी बंद झाली. माणसांना घाट उतरता येईना. तेव्हा काही तरुणांनी ठरविले की, माणूस जात नसेल तर आवाज जाईल.

२५ नोव्हेंबर १९५५ रोजी एका गुप्त नभोवाणी केंद्राचे प्रक्षेपण सुरू झाले. हा दिवस मुद्दाम निवडलेला होता. १५१० साली याच तारखेला आफोंसो द आल्बुकर्कने गोवा घेतले होते. कोकणीत या केंद्राचे नाव ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’ असे होते, आणि पोर्तुगीज भाषेतूनही त्यावर निवेदने होत. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो हे केंद्र चालवीत. आरंभी निकोलाव मिनेझिस हेही त्यांच्याबरोबर होते. केंद्र म्हणजे काही इमारत नव्हती. आंबोलीच्या रानात दडवून ठेवलेली एक मालमोटार आणि तिच्यात बसविलेले प्रक्षेपक यंत्र, एवढाच तो संसार. पुढे ते केंद्र कॅसलरॉकच्या अरण्यात हलविण्यात आले. तीनशे इंच पावसाचे ते आंबोलीचे रान, दिवसा अंधार करणारे धुके, पायाला डसणाऱ्या जळवा, सापांचे भय आणि रोज ठरल्या वेळी बोलण्याचे व्रत! हे व्रत सुमारे सहा वर्षे चालले. पोर्तुगीज सत्तेच्या प्रचाराला तेथून उत्तर दिले जाई, आणि खाली गोव्यात लोक दारे लावून, आवाज बारीक करून ते ऐकत. ज्या घाटाने माणसांची वाट अडविली, त्याच घाटाच्या उंचीचा आवाजाला उपयोग झाला.

१९६१ च्या डिसेंबरात भारतीय सेनेची सतरावी डिव्हिजन बेळगाव परिसरात गोळा झाली. मेजर जनरल कँडेथ यांच्याकडे तिचे नेतृत्व होते. १८ डिसेंबरला पहाटे सैन्य निघाले. उत्तरेकडून, दोडामार्गच्या बाजूने, ब्रिगेडियर सगत सिंग यांची छत्रीधारी ब्रिगेड उतरली. पूर्वेकडून, अनमोडच्या बाजूने, त्रेसष्टावी ब्रिगेड मोलेकडे गेली. प्रतिकार थोडा झाला. खरा अडथळा होता तो उडविलेल्या पुलांचा आणि वाटेत पेरलेल्या सुरुंगांचा. गाड्या नदीकाठी थांबल्या आणि जवान मिळेल त्या साधनाने पाणी ओलांडून पुढे गेले. दुसऱ्या दिवशी, १९ डिसेंबरला, गोवा मुक्त झाले. त्या दिवशी वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी वायुसेनेच्या विमानातून गोव्याच्या आकाशात फिरत ती वार्ता आपल्या बांधवांना ऐकविली. रानातल्या मालमोटारीतून निघालेला आवाज अखेर उघड्या आभाळातून बोलला. तीन वर्षांनी दोघे विवाहबद्ध झाले. वामनरावांना १९९२ साली पद्मश्री मिळाली, लिबिया यांना ती २०२५ साली, वयाची शंभरी गाठल्यावर.

असा या वाटांचा पूर्वेतिहास आहे. आता वर्तमानाकडे यावे. गोव्यातील कुळे या गावाहून दूधसागरच्या धबधब्याकडे जीपगाड्या जातात. रानातला खडबडीत मार्ग, मध्ये वाहते ओढे, आणि पाण्यातून छातीपर्यंत भिजत जाणारी गाडी. ही यात्रा पावसाळ्यात बंद असते व पावसाळा सरल्यावर सुरू होते. तेथील कित्येक कुटुंबांची चूल या जीपवर पेटते. २०१४ पासून गोव्यात भर पावसात अशा गाड्यांची ‘रेनफॉरेस्ट चॅलेंज’ नावाची स्पर्धाही भरू लागली. चिखल हे ज्याचे संकट होते, त्याचेच तेथे क्रीडांगण झाले. यात वावगे काही नाही. डोंगर चढण्याची हौस माणसाला आहे म्हणूनच तो माणूस आहे.

मात्र याच रांगेत, खानापूर तालुक्याच्या पश्चिमेस, भीमगडचे अरण्य आहे. म्हादईचा उगम याच परिसरातला. येथल्या बारापेडीच्या गुहेत सापडलेल्या एका दुर्मीळ वटवाघळाची नोंद १९१३ साली शास्त्रज्ञांनी केली. २०११ च्या डिसेंबरात सुमारे १९० चौरस किलोमीटरचा हा प्रदेश अभयारण्य म्हणून घोषित झाला. त्यामुळे वनखात्याच्या परवानगीवाचून तेथे गाडी घालता येत नाही, आणि ते योग्यच आहे. चाकांनी उकरलेली तांबडी माती पहिल्या पावसात ओढ्यात वाहून जाते, आणि एकदा पडलेली चाकोरी दर पावसाळ्याला खोल होत जाते.

पण याच अरण्यात आमगाव, गवाळी, पास्टोली, कोंगळा अशी माणसांची गावेही आहेत. पावसाळ्यात नाले भरले की त्यांचा जगाशी संबंध तुटतो. आजाऱ्याला झोळीत घालून, काठीला बांधून, खांद्यावर घेऊन चिखलातून कोसभर चालत रस्ता गाठावा लागतो, अशी वृत्ते अलीकडच्या पावसाळ्यांतही वर्तमानपत्रांतून येऊन गेली आहेत. रस्ता द्यावा तर रानाचे तुकडे होतात. देऊ नये तर प्रसूतीच्या कळा सोसणारी बाई नाल्याकाठी अडते. २००६ च्या वनहक्क कायद्याने रस्ता, शाळा, दवाखाना अशा सोयींसाठी ग्रामसभेच्या शिफारशीने थोडी वनजमीन देण्याची तरतूद केली आहे. दुसरीकडे स्वेच्छेने स्थलांतर करणाऱ्यांना मोबदला देण्याची योजना आहे, आणि तळेवाडीच्या कुटुंबांबाबत २०२५ साली तसे पाऊल उचलले गेले. कोणता मार्ग खरा, हे शहरात बसून सांगणे सोपे नाही. ते त्या गावांना विचारूनच ठरले पाहिजे.

येथे आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर मिळते. ‘रस्ता नसलेला मुलूख’ असा या डोंगरांत क्वचितच असेल. असतो तो रस्ता काढून घेतला गेलेला, किंवा अद्याप न पोहोचलेला मुलूख, आणि त्यात माणसे असतात. हौशी प्रवाशाच्या दृष्टीने जी चिखलाची वाट म्हणजे रविवारची परीक्षा, तीच तेथील शाळकरी मुलाची रोजची वाट असते. गाडी रुतली की तिला ढकलायला जे खांदे पुढे येतात, तेच खांदे आदल्या पावसाळ्यात कोणा आजाऱ्याची झोळी वाहून दमलेले असतात.

म्हणून या रानात जाणाऱ्याने जरूर जावे. पण परवानगी घेऊन, मळलेल्या वाटेने आणि गावच्या माणसाला विचारून जावे. गाडीत एक जागा रिकामी ठेवावी. परतताना त्या जागेवर तालुक्याच्या दवाखान्यात निघालेली एखादी म्हातारी बसली, तर चार चाकांचा जोर सार्थकी लागला असे समजावे. कदंबांच्या पाथरवटापासून रानातल्या मालमोटारीपर्यंत या घाटातून जे जे गेले, ते कोणासाठी तरी काही तरी घेऊन गेले. रिकाम्या हाताने जाणारा प्रवासी या वाटांना अजून नवा आहे.